आईच्या शेजारी मांडी घालून

गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी मेथी निवडता निवडता आईने मला पुण्याचं तिकीट काढायला सांगितलं. पुण्याहून पुढे साताऱ्याला, मामाकडे. हवाई दलातलं आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब जानेवारीअखेर बदली होऊन पुण्याला जाणार होतं. त्यांच्याबरोबर जाईन, म्हणाली. सोबत तिने स्वतःच ठरवून टाकली होती. मी विचारलं, परतीचं कधीचं काढू? मेथीची एक जून काडी बाजूला टाकत ती म्हणाली, "परतीचं नको. पुढचं पुढे बघू."

मी वनस्पतिशास्त्रातला माणूस. माणसांच्या बाबतीत मला सगळं उशिरा कळतं. तिकिटं दोन महिने आधीच मिळतात, अजून वेळ आहे, एवढं सांगून मी पेपर उघडला. बायकोने मात्र स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. दुपारी ती मला म्हणाली, "अहो, तुमच्या लक्षात आलं का? आई कायमच्या चालल्यात."

वडील गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, आम्ही तिला साताऱ्याहून लखनौला आणलं. आम्ही विकास नगरात राहतो. मी एका संशोधन संस्थेत आहे, बायको शाळेत गणित शिकवते, मुलगी कॉलेजात. आईला काही कमी पडू दिलं नाही असा आमचा समज होता. वेगळी खोली, खोलीत टीव्ही, टीव्हीवर मराठी वाहिन्या, गॅलरीत तुळस. सब्जीवाल्याशी तिचं तिच्या हिंदीत चांगलं जमायचं. "भैया, ये भोपळा कोवळा है क्या?" असं ती विचारायची आणि तो भैया नखाने दुधी टोचून तिला कोवळेपणा दाखवायचा.

आई जेवते ती जमिनीवर. पाट मांडून, मांडी घालून, ताट समोर घेऊन. आल्या आल्या आम्ही तिला टेबलाशी बसवायचा प्रयत्न केला होता. ती तक्रार न करता बसली, पण खुर्चीवरही तिने मांडीच घातली. खुर्ची अरुंद आणि मांडी ऐसपैस, त्यामुळे दोन्ही गुडघे हवेत, मधोमध आई. तिसऱ्या दिवशी खुर्ची एका अंगाला कलली, मी आमटीसकट उठून तिला धरलं, आणि चौथ्या दिवसापासून तिचा पाट टेबलाजवळ भिंतीशी मांडला गेला. आम्ही तिघं वर टेबलावर, ती खाली. सगळे एकाच वेळी जेवतोय, एकाच खोलीत जेवतोय, म्हणजे एकत्रच जेवतोय, असं आम्ही धरून चाललो.

आता बायको म्हणाली, आई जेवताना बोलतात का? मी आठवायला लागलो. आईचा डावा कान पूर्वीच गेलाय. उजव्याने ऐकू येतं, पण बोलणारा जवळ हवा आणि त्याचं तोंड तिच्या पातळीला हवं. यंत्र आणलं होतं. त्यात पंख्याचा आवाज माणसांपेक्षा मोठा येतो म्हणून तिने ते डबीत घालून कपाटात ठेवलं. वरून, ताटवाट्यांच्या आवाजात, आम्ही काय बोलतो ते तिला कळत नव्हतं. ती काय बोलत असेल ते आम्हाला कळलं असतं, पण ती बोलतच नव्हती. कधीपासून, तेही आम्हा दोघांना सांगता येईना.

खरं तर आई बोलते ती फक्त जेवताना. एरवी सोफ्यावर शेजारी बसून विचारपूस केली तर "बरं आहे" आणि "हो की" यापलीकडे गाडी जात नाही. साताऱ्यात ती आणि वडील शेजारी शेजारी पाटावर बसत आणि पहिल्या घासाबरोबर तिचं सुरू होई. कोण आलं, कोणाचं काय बिनसलं, दूधवाल्याने काय उत्तर दिलं. वडील फक्त "हं" म्हणत. पण ते "हं" तिच्या उजव्या कानाशी असायचं.

म्हणजे उपाय साधा होता. कोणीतरी तिच्या शेजारी जमिनीवर बसायचं. बायकोच्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, तिला खाली बसायची मनाई. मुलगी दोन दिवस आनंदाने बसली. ती मराठी समजते पण बोलते हिंदी, आणि तीही भराभर. आजीने विचारलं, कॉलेजात आज काय शिकवलं. ती म्हणाली, "अरे आजी, आज तो मास बंक था यार." म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून दांडी मारली होती. आजीने पोळीचा तुकडा मोडला आणि "बरं बरं" म्हणाली. मी एक मोढा आणून बसून पाहिलं. मोढा म्हणजे वेताचं बसकं स्टूल, इकडे घरोघरी असतं. त्यावर मी आईपेक्षा फूटभर उंच झालो आणि ताट माझ्यापासून फूटभर लांब गेलं. प्रत्येक घासाला वाकताना मी तिच्या पाया पडतोय असं दिसत होतं. आईने दोनदा आशीर्वादासारखा हात हलवला, थट्टेने की गंभीरपणे ते कळलं नाही.

मग मांडी. मी पाट घेतला, तिच्या उजव्या हाताला मांडला आणि बसलो. बसलो म्हणजे खाली पोचलो. माझे गुडघे जमिनीकडे जायचं नाव घेईनात. ते छातीशी उभे राहिले, पाठ मागे कलली, भिंत नसती तर मी आडवाच झालो असतो. तिसऱ्या मिनिटाला उजवी मांडी थरथरायला लागली, पाचव्या मिनिटाला मी दोन हात टेकून, एक गुडघा टेकून, टेबलाला धरून उठलो. आई म्हणाली, "जा, वर बस. सांडशील." वय वर्षं त्रेपन्न. गेली तीस वर्षं खुर्ची, स्टूल, मोटारसायकल आणि जीपची मागची सीट. मांडी घालायची वेळ सत्यनारायणाला येई, तेव्हा मी प्रसाद वाटायचं काम आधीच मागून घेत असे.

इथे माझ्यातला संशोधक जागा झाला, आणि तिथेच सगळं बिघडलं. साध्या मांडीसाठी साधा सराव करावा, हे मला पटेना. कॉलनीच्या पार्कात सकाळी एक निवृत्त मास्टर साहेब योगासनं शिकवतात. मी त्यांच्याकडे जायला लागलो. पहिल्याच दिवशी ते पद्मासन घालून बसलेले पाहिले. डावं पाऊल उजव्या मांडीवर, उजवं डाव्या मांडीवर, तळवे आभाळाकडे, दोन्ही गुडघे गवताला टेकलेले. मी मनाशी हिशेब केला की हे जमलं तर मांडी आपोआप जमेल. म्हणून उद्दिष्ट पद्मासनाचं ठेवलं. मास्टर साहेब लखनौचे, त्यामुळे त्यांनी मला हसून एवढंच सांगितलं, "जनाब, इतनी भी क्या जल्दी है." त्या गोड बोलण्यात सूचना आहे हे ओळखायला बहुधा लखनौतच जन्मावं लागतं. मला ते प्रोत्साहन वाटलं.

घाई होतीच. नोव्हेंबरच्या शेवटी बुकिंग उघडलं त्या दिवशी आईने आठवण करून दिली. तिच्यासमोर बसून मी जानेवारीअखेरचं तिकीट काढलं, एका बाजूचं. ती म्हणाली, खालचा बर्थ ना? मी म्हटलं, खालचाच. हातात दोन महिने होते आणि माझे गुडघे जमिनीपासून वीतभर वरच होते. वीतभर हा अंदाज नाही. मी रोज फूटपट्टीने मोजून वहीत लिहीत होतो.

आता जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण घरात सगळ्यांना माहीत आहेच. आमच्या संस्थेत वनस्पतींचे नमुने वाळवून जपून ठेवतात. आणलेलं रोप वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवायचं, वर खाली लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटी, आणि भोवती दोन पट्टे करकचून आवळायचे, याला आम्ही प्रेस करणं म्हणतो. रोज कागद बदलायचे आणि पट्टा एक घर पुढे ओढायचा. पाच सहा दिवसांत कितीही अवखळ फांदी सपाट होते. तीस वर्षं मी हेच केलंय. मनात आलं, गुडघ्यांना वेगळं काय हवंय? रोज थोडा दाब, रोज एक घर पुढे.

संस्थेतले जुने पट्टे घरी आणले. तळवे एकमेकांना जोडून बसलो, दोन्ही गुडघ्यांवरून पट्टा घेतला, तो खालून पलंगाच्या पायाला अडकवला आणि आवळला. मुलगी दारात येऊन बघत उभी राहिली. "मम्मी," तिने आत हाक मारली, "बाबा को प्रेस कर रहे हैं." बायको आली. तिने एवढंच विचारलं की कागद कधी बदलायचे. मी हसलो आणि त्या दिवशी एक घर पुढे ओढलं. आठवड्यात वहीतला आकडा वीतभरावरून चार बोटांवर आला. मला इतका उत्साह चढला की नवव्या दिवशी मी पट्टा सोडून सरळ पद्मासनालाच हात घातला. उजवं पाऊल दोन्ही हातांनी उचलून डाव्या मांडीवर ठेवलं. बसलं. मग डावं उचललं. पाऊल मांडीपर्यंत येईना म्हणून घोट्याला धरून ओढलं, आणि डाव्या गुडघ्यात, आतल्या बाजूला, ओली काडी मोडावी तसा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुधीएवढा. मी घरात काठी टेकत फिरलो. आईने विचारलं तेव्हा संस्थेत पायरी चुकली असं सांगितलं. ती तिळाचं तेल कोमट करून घेऊन आली आणि गुडघ्याला लावत बसली. मला वाटलं, आता ही जाते. शेजारी बसायचं राहिलं बाजूला, आता मला धड वाकताही येत नव्हतं, आणि डिसेंबर अर्धा सरला होता.

बायको मला तिच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. अलीगंजमध्ये, एका शाळेच्या गल्लीत दोन खोल्यांचं क्लिनिक. बाई माझ्या मुलीपेक्षा फार तर आठ दहा वर्षांनी मोठी असेल. हिनेच बायकोचा गुडघा चालता केला होता. तिने गुडघा चाचपला, डॉक्टरांनी काढायला लावलेला एमआरआय पाहिला, आणि फाटलेलं काही नाही, ताण बसलाय, असं सांगितलं. मग काय करत होतात, असं विचारलं. मी आढेवेढे घेतले. बायकोने पट्ट्यापासून फूटपट्टीपर्यंत सगळं सांगितलं. ती बाई हसली नाही. नंतर बायको म्हणाली, हसली असती तर बरं झालं असतं.

तिने टेबलावरचा सांध्यांचा प्लास्टिकचा नमुना उचलला. गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा, म्हणाली. पुढे मागे होतो, पिळवटत नाही. पाय वळतो तो वर, खुब्यात, जिथे मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो. खुबा फिरला नाही आणि तुम्ही पाऊल ओढत राहिलात तर तो पीळ खाली गुडघ्यात उतरतो. "जो काम कूल्हे का है, वो आप घुटने से करवा रहे थे," ती म्हणाली. मग तिने मला टेबलावर झोपवलं आणि पाय आपल्या हाताने अलगद फिरवून पाहिला. उजवा बराच फिरला. डावा एका जागी येऊन थांबला. तिथे जांघेत काहीतरी टोचलं. ते स्नायूचं नाही, हाडाचं आहे, म्हणाली. तुमच्या डाव्या वाटीची घडण खोल आहे. स्नायू सैल होतात, हाड होत नाही. पद्मासन कदाचित कधीच नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

मी तीस वर्षं एकाच जातीच्या झाडांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून बघतोय. एकाचं पान रुंद, दुसऱ्याचं निमुळतं, आणि दोन्ही तीच जात. त्यावर मी व्याख्यानं दिलीत. शिवाय निबर, लाकडी फांदी दाबाखाली सपाट होत नाही, तुटते. तिच्या बाजूंना कागदाच्या घड्या रचून जागा भरून काढायची, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. हे सगळं ठाऊक असलेला माणूस स्वतःला कोवळी फांदी समजून बसला होता.

तिने विचारलं, पद्मासन तुम्हाला हवंय कशाला? तेव्हा पहिल्यांदा मी खरं कारण घराबाहेर कोणाला सांगितलं. आईच्या शेजारी बसून जेवायचंय. जानेवारी संपायच्या आत. तिने प्लास्टिकचा नमुना परत जागेवर ठेवला. मग म्हणाली, जेवायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, वीस पंचवीस मिनिटं. "तो पच्चीस मिनट की तैयारी करते हैं," ती म्हणाली. "बाक़ी सब भूल जाइए."

सूज उतरेपर्यंत दहा दिवस काहीच करायचं नव्हतं. हे दहा दिवस सगळ्यात अवघड गेले. नंतर तिने जे करायला सांगितलं त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. लखनौच्या थंडीत सकाळी कोहरा असतो, समोरच्या घराचं फाटकही दिसत नाही. त्या वेळी आखडलेल्या अंगाने काही करायचं नाही. दुपारी उन्हात पंधरा मिनिटं चालून यायचं किंवा गरम पाण्याने आंघोळ करून घ्यायची, मग सुरू करायचं. पाठीवर झोपायचं, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या जरा वर ठेवायचा आणि खालचा पाय दोन हातांनी छातीकडे घ्यायचा, जितका येईल तितकाच. कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला ताण आला तर ठीक. गुडघ्यात जरा जरी टोचलं, किंवा जांघेत हाड अडल्यासारखं वाटलं, तर तिथून मागे यायचं. श्वास अडकला म्हणजे जास्त झालं असं समजायचं. मग भिंतीला टेकून, दुमडलेल्या रजईवर बसून, तळवे जोडायचे आणि दोन्ही गुडघ्यांखाली उशा द्यायच्या. गुडघ्यांना खाली ढकलायचं नाही, उशीवर विसावू द्यायचं. पाच मिनिटं. तिने फूटपट्टीवर बंदी घातली. वही बायकोने जप्त केली.

सगळ्यात महत्त्वाचं तिने शेवटी सांगितलं. मांडी घालताना बुड उंच ठेवा. पाटावर घोंगडी चौघडी करून ठेवा, म्हणजे कंबर पुढे झुकते, पाठ सरळ राहते आणि गुडघे आपोआप खाली येतात. गुडघ्यांखाली जी पोकळी राहील ती उशांनी भरा. पाच सात मिनिटांनी पाय बदला, जो खाली होता तो वर. उठताना हात टेकून, सावकाश. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, जो माणूस पट्ट्याने स्वतःला पलंगाला बांधून घेतो त्याला एवढं पुरे.

मी बसायला लागलो, तीन मिनिटं, चार मिनिटं, संक्रांतीपर्यंत दहा. जेवणावेळी नाही, संध्याकाळी खोलीचं दार लावून. आईसमोर पुन्हा धडपडायचं नव्हतं. संक्रांतीला आईने गुळाची पोळी केली, तिळगूळ वाटला, आणि त्याच दुपारी कपाटातली बॅग काढून ऊन दाखवायला गॅलरीत ठेवली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. जायला दोन आठवडे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मी आईच्या पाटाच्या उजव्या बाजूला माझा पाट ठेवला. त्यावर घोंगडी चौघडी, दोन्ही बाजूंना दोन उशा. आई सगळी मांडामांड बघत होती. मुलगी म्हणाली, "बाबा का सिंहासन." मी भिंत धरून खाली उतरलो, उजवा पाय आत घेतला, डावा त्यावर ठेवला, गुडघे उशांवर टेकवले. बसलो. पाठ सरळ होती. ताट पोचत होतं. आईचं तोंड माझ्या तोंडाच्या पातळीला होतं.

पहिली पाच मिनिटं ती काहीच बोलली नाही. आमटी ओढली, पोळी मोडली. मीही काही विचारलं नाही. विचारलं की "बरं आहे" येतं, हे आता मला कळत होतं. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझं आणि तिचं मिटलं का?"

मी म्हटलं, "काय मिटलं?"

"भांडण. दोन वर्षं चाललंय ते."

टेबलावरची बायको जेवायची थांबली. आईने मग सावकाश, मधे मधे घास घेत सांगितलं. खालून तिला आमचे फक्त पाय दिसत. बोलणं कळायचं नाही. पण जेवताना माझा उजवा पाय सारखा हलत असे, टाच वर खाली, वर खाली. बायको अचानक खुर्ची मागे सारून उठे आणि ताडताड आत जाई. मग मुलीचे पाय खुर्चीखाली आक्रसून जात. हे रोज, दोन्ही वेळा. तिने ताडलं की रोज जेवताना आमची जुंपते आणि आपल्यासमोर नको म्हणून आम्ही आवाज दाबून भांडतो. आणि भांडणाला तिच्याशिवाय दुसरं कारण असेलसं तिला दिसत नव्हतं. ती येण्याआधी आम्ही भांडत असू असं तिला वाटलं नाही. डिसेंबरात माझा गुडघा सुजला तेव्हा तर तिची खात्रीच पटली होती की भांडण हातघाईवर आलंय.

बायको म्हणाली, "आई, मी पोळी आणायला उठते हो. गरम." मग तिला आठवलं की आईला ऐकू येणार नाही. ती उठून, दुखरा गुडघा सांभाळत, आईच्या उजव्या कानाशी वाकली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"आणि ह्याचा पाय?" आईने विचारलं.

"तो सवयीने हलतो. शाळेपासून," मी म्हटलं. "तूच मारायचीस ना त्यासाठी."

आईने भात कालवला. "मारायची खरी," ती म्हणाली. मग गुडघ्याचंही मी तिला सांगितलं, पट्ट्यासकट. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "असा कसा रे तू. मला सांगितलं असतंस तर उशी दिली असती."

सातव्या मिनिटाला माझ्या पायाला मुंग्या आल्या. पाय बदलले, उशा सरकवल्या. बाराव्या मिनिटाला मी हात टेकून उठलो, कारण त्या दिवशी तेवढंच जमत होतं. उरलेला भात मी मोढ्यावर बसून खाल्ला. आई मान वर करून बोलत राहिली. आमटीत गूळ कमी असतो. दुधीला फोडणी करपते. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या सुनेचं काहीतरी आहे, ते उद्या सांगेन. असं बरंच साठलं होतं.

तिकिटाचा विषय मी काढला नाही. चार दिवसांनी, जेवतानाच, तिने काढला. मामाला कळवून झालंय, तेव्हा जायचं आहेच, म्हणाली. पण परतीचंही काढून ठेव. होळीच्या आत. सोबत नाही मिळाली तर तू ये न्यायला. मी त्याच दिवशी दोघांचं परतीचं आरक्षण काढून टाकलं. ती गेली, दीड महिना राहिली, मी जाऊन घेऊन आलो.

आता मी पंचवीस मिनिटं बसू शकतो. डावा गुडघा अजूनही उशीवरच असतो आणि तसाच राहणार, हे मी मान्य केलंय. पार्कातल्या मास्टर साहेबांच्या वर्गात मी मागच्या रांगेत घोंगडीवर बसतो. ते पद्मासन म्हणतात तेव्हा मी साधी मांडी घालतो, आणि ते मला बघून न बघितल्यासारखं करतात. अडचण एवढीच की आईचं बोलणं आता पंचवीस मिनिटांत आवरत नाही. चाळीस लागतात. त्यामुळे मधे तीनदा मला पाय बदलावे लागतात. तेव्हा आई बोलायची थांबते. घास हातात तसाच धरून, माझा पाय आत जाईपर्यंत, उशी नीट बसेपर्यंत वाट बघते. आणि मग ज्या शब्दावर थांबली होती तिथूनच पुढे सुरू करते.